आजीचं शेवटचं लुगडं

मंडळी, आज सकाळी औंढ्यात माझी आजी गेली. मी लोणावळ्याहून पोचलो तेव्हा अंगणात सगळे खोळंबून बसले होते.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. आजीचे भाऊ कधीच गेले, माहेरच्या घराला कुलूप. "माझ्या आईला तशीच न्यायची का?" बाबा रडवेले झाले होते.

मी म्हटलं, "मी आणतो बाजारातून."

भावकीतले आबा म्हणाले, "तू आणून कसं चालंल? माहेरचंच लागतं."

तेवढ्यात शेजारच्या सखूमावशी नवी कोरी साडी घेऊन आल्या.

"आबा, माज्या माहेरी कुनी उरलं नव्हतं. दर पंचमीला हिनंच मला घरी बोलवून बांगड्या भरल्या, दिंडं खाऊ घातली. माजं माहेर ह्येच. मग तिचं माहेर मी न्हाई व्हय?"

आबांनी बाजूला सरून वाट दिली.

मग फाटकातून आणखी एक बाई साडी घेऊन आली. तिच्यामागून आणखी. बौद्धवस्तीतून, ठाकरवाडीतून. नागपंचमीला आमच्या पडवीत जेवायला बसणाऱ्या ह्याच त्या बायका. लहानपणी मला वाटायचं, नात्यातल्या असतील.

एकीवर एक साड्या पडत गेल्या आणि आजी त्यांत दिसेनाशी झाली.

एवढीशी होती हो आजी. खांद्यावर घेतली तर जड लागली.

तुमच्या घरी पंचमीला कोण कोण जेवायला यायचं? आई असेल तर आजच विचारा.