चेहरा दिसू दे

"पदर बाजूला कर. चेहरा दिसू दे."

असं म्हणत तिनं माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि माझं तोंड वर केलं. बाजारात बैलाचे दात बघायला जबडा उचलतात, तसं. बोटांना पिवळा रंग लागलेला होता, तो माझ्या हनुवटीला लागला. तिच्या दुसऱ्या हातात मोबाईल. माझ्या हातात ताट. ताटात पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलेबी. ताट छातीशी धरायचं, खाली सोडायचं नाही, आणि कार्यक्रम संपेपर्यंत घास मोडायचा नाही. ही तिथली रीत.

वयानं माझ्याहून लहान होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, अंगात कंपनीचा टी-शर्ट. ती मला तू म्हणाली. मी तिला मॅडम म्हणायचं.

फोटो निघाला. मी तिच्या टी-शर्टाकडंच बघत होते. तिच्या टी-शर्टावर जे चिन्ह होतं, तेच माझ्या नवऱ्याच्या टी-शर्टावर असायचं. कितीतरी वर्षं मी ते चिन्ह साबण लावून घासलं होतं.

आता नीट सांगते. माझं नाव सांगणार नाही. पोरीचंही नाही, संस्थेचंही नाही. पिंपरीजवळ, काळेवाडी आणि रहाटणीच्या मधे कुठंतरी, एवढं पुरे. लाज वाटते म्हणून लपवत नाही. भीती वाटते म्हणून लपवते.

आम्ही लातूरकडचे. लग्न झालं आणि नवऱ्यामागं मी चाकणला आले. तो तिथल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या भागांना रंग देतात तिथं. एक दिवस थिनरची बाटली घरी घेऊन आला. रंग पातळ करायचं ते थिनर. मला वाटलं, दाराला रंग देणार असेल. वेडी मी. त्यानं बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, "एक काडी ओढली की झालं."

मग भांडण झालं की तो नुसता फळीकडं बघायचा. मारायचा ते वेगळं. माराचे वळ चार दिवसांत जातात. ती बाटली तिथंच असायची. मी तिच्याखाली भाकरी भाजायचे, पोरीचा डबा भरायचे. एकदा त्यानं ती माझ्या पदरावर रिकामी केली आणि काडेपेटी हातात घेऊन पलंगावर बसला. पोरगी समोर चित्र रंगवत होती. म्हणाली, "पप्पा, आईला कसला वास येतोय?" त्यानं काडी ओढली नाही. हसला. म्हणाला, "पळालीस तर पाताळातून शोधून काढीन."

दुसऱ्या दिवशी तो फर्स्ट शिफ्टला गेला आणि मी पोरीला घेऊन बाहेर पडले. अंगावरची साडी आणि तिचं दप्तर. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात एका सिस्टरनं माझ्या हातावरच्या वळांना मलम लावलं. काही खोदून विचारलं नाही, फक्त बायांना आसरा देणाऱ्या एका संस्थेचा पत्ता सांगितला. अशी मी संस्थेत आले.

खोटं कशाला बोलू, संस्थेनं आमचा जीव वाचवला. पाठ टेकायला गादी मिळाली, दोन वेळचं गरम जेवण मिळालं, पोरीचं नाव शाळेत घातलं. ताई, म्हणजे संस्था चालवणाऱ्या बाई, स्वतः आमच्यासोबतच राहतात, आमच्यातलंच जेवतात. आम्ही काही बाया, आमची पोरं, आणि लेकांनी आणून सोडलेल्या म्हाताऱ्या. शिवाय दुपारी रस्त्यावरच्या माणसांची पंगत. मी स्वयंपाकघरात शेवंतामावशीच्या हाताखाली लागले. मावशी मावळातली. मोठ्या परातीत कणीक मळायचं काम माझं.

शनिवार मला नकोसा वाटायचा. शनिवारी पाहुणे. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुठल्या कंपनीचं श्रमदान. श्रमदान म्हणजे भिंत रंगवणं. आमच्या भिंती इतक्यांदा रंगल्या, पण न्हाणीघराची कडी मोडकीच राहिली. आत एक बाई गेली की बाहेर दुसरीनं राखण करायची. कडीचा फोटो चांगला येत नसावा.

रंगकाम झालं की ताटं धरून फोटो. मग मनोगत. आमच्यातल्या एका बाईनं माइकवर जाऊन सांगायचं, आपण कोण, आपल्यावर काय गुदरलं, आणि पाहुण्यांमुळं आपलं कसं भलं झालं. रडू आलं तर फारच छान. म्हाताऱ्या लक्ष्मीबाई लेकाचं नाव घेऊन माइकवर रडायच्या, आणि खाली बसल्या की मला हळूच विचारायच्या, "बरं झालं का गं?" मी म्हणायचे, "झालं, आजी." मला आत तुटायचं, पण माझी पाळी आली नाही यातच मी खूश असायचे.

माझी पाळी मी टाळत होते. पुऱ्या लाटायच्या आहेत, पोरीला ताप आहे, काहीही सांगायचे. फोटोला पदर ओढून मागच्या रांगेत. आणि दर शनिवारी सगळ्यात आधी स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहुण्यांच्या टी-शर्टावरचं चिन्ह बघायचे. वेगळं दिसलं की श्वास सोडायचे.

त्या शनिवारी चिन्हाच्या आधी वास आला. थिनर. माझे हात कणकेत होते ते तिथंच गार पडले. मला वाटलं, तोच आला.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस," मावशी म्हणाली.

"वास, मावशी."

"रंगाचा हाय. माणसं आल्यात भिताडं रंगवाया. त्यात काय भ्यायचं?"

मी जाळीला डोळा लावला. तेच चिन्ह. पुढं, मागं, बाहीवर, सगळीकडं तेच. तो त्यांच्यात नव्हता. ठेकेदाराच्या माणसाला श्रमदानाला कोण आणतंय? हे सगळे ऑफिसातले होते. तरी त्यांच्यातला एखादा त्याला ओळखत असला तर?

कशीबशी ताईंकडं गेले. सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "अगं बाई, हजारो माणसं असतात त्या कंपनीत. कोण कुणाला ओळखतंय? आणि आज मनोगत तुझंच ठेवलंय. तू नीट बोलतेस. पोरीला जवळ घे."

मी म्हटलं, "नको ताई. पाया पडते."

"वर्षाचा किराणा यांच्याकडून यायचाय. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

किराणा गेला तर एवढ्या तोंडांना काय घालायचं, ही त्यांची भीती. ती मला कळत होती. माझी त्यांना कळली नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आणि मीठ म्हणाल तर रोजच्या आमटीत मीच टाकत होते. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी मान खाली घालून मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथं ती आली आणि हनुवटीला हात घातला.

मग त्यांचे साहेब बोलायला उठले. चांगलं बोलले. समाजाचं ऋण वगैरे. शेवटी म्हणाले, "आमच्या कॅन्टीनमध्ये मोठी स्क्रीन बसवली आहे. आजचे फोटो आणि मनोगत सोमवारपासून तिथं दाखवणार आहोत. वर्कर लोकांनाही प्रेरणा मिळते."

टाळ्या वाजल्या.

कॅन्टीन. तो तिथंच जेवतो. मी केलेल्या भाजीला नावं ठेवायचा, कंपनीत याच्यापेक्षा बरं मिळतं म्हणायचा. मला तो दिसला. ताट घेऊन स्क्रीनसमोर बसलेला. वर माझं तोंड, शेजारी पोरगी, मागं संस्थेच्या नावाचा फलक. पाताळ खोदायची गरजच नव्हती. कंपनी त्याला जेवता जेवता पत्ता देणार होती.

ताईंनी माझं नाव पुकारलं. नाव, आडनाव, दोन्ही, माइकवर. मी ताट खाली ठेवलं. पोरगी पदराला धरून मागं आली. पुढं गेले तर सगळ्यांचे मोबाईल वर. कुणीतरी पोरीला म्हणालं, "स्माइल, बेटा." आणि पोरगी हसली. तिला काय माहीत. तिला वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

ती हसली आणि माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. धैर्य वगैरे नव्हतं. भीतीच होती, पण ती इतकी वर आली की बाकी काही उरलंच नाही.

मी माइक घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. पाठ त्यांच्याकडं. पोरीलाही खांद्याला धरून वळवलं. समोर नुसती ओली पिवळी भिंत. नाकात थिनर.

"अगं, इकडं बघ," ताई म्हणाल्या.

"अशीच बोलणार," मी म्हटलं. माझा आवाज माइकमधून मलाच अनोळखी वाटला. "तुम्ही जेवण दिलंत, आम्ही खाल्लं. छप्पर दिलंत, राहिलो. त्याचे आभार. चेहरा मागू नका. माझा चेहरा दिसला की मला जाळायला येणारा एक माणूस आहे. मघाशी मॅडमनी माझं तोंड वर करून फोटो काढला. तो पुसा. माझ्यासमोर पुसा."

मग साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा गैरसमज होतोय. चांगल्या कामासाठी आहे हे."

मॅडम. तुमचा. पाठ फिरवली तेव्हा मी तुम्ही झाले.

"पुसा," मी म्हटलं.

फोटो काढणारी ती मुलगी माझ्याजवळ आली. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. माझ्यासमोर पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ग्रुपवर मघाशीच टाकलाय. कंपनीच्या. तिथूनही काढते."

"किती जणांनी बघितला?"

ती सॉरी म्हणाली, रडायला लागली. मला तिची कीव आली आणि रागही आला. तिची सॉरी कुठल्या फळीवर ठेवू मी?

मागं ताटाचा आवाज झाला. लक्ष्मीबाई खाली बसल्या होत्या आणि जेवायला लागल्या होत्या. कुणाची वाट न बघता. मग बाकीच्या बायाही बसल्या.

पाहुणे गेले. भिंत अर्धी तशीच राहिली. संध्याकाळी ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवते. ओळखीची संस्था आहे. इथं आता धोका आहे. तुलाही आणि आम्हालाही." मी पिशवी भरायला घेतली. पोरगी म्हणाली, "आपण परत पळायचं? मग माझ्या शाळेचं?"

मावशी दारातून बघत होती. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, पोरी. कुठवर पळशील?"

मला तिचा राग आला. म्हण म्हणायला काय जातं? पेटायचं मला आहे. पण पिशवी मी पुढं भरली नाही.

सोमवारी मी पोलीस चौकीत गेले. इतके महिने गेले नव्हते, कारण तिथं कुणी बघितलं तर, त्याला कळलं तर, हेच डोक्यात. ताई सोबत आल्या, हे त्यांचं मी विसरणार नाही. मी बाटलीचं सांगितलं, काडेपेटीचं सांगितलं. त्याचं नाव सांगितलं, मोठ्यानं. हवालदारानं परत सांगायला लावलं. परत सांगितलं.

आणि ताईंना सांगितलं, यापुढं शनिवारी दारात माझी परात राहील. येणाऱ्यानं मोबाईल परातीत ठेवायचा, मग आत यायचं. ताई म्हणाल्या, "माणसं येणं बंद होईल." मी म्हटलं, "मग मी पोरीला घेऊन बाहेर बसते. का बसले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते." ताई मग म्हणाल्या, "ठेव."

कंपनीचा किराणा आला नाही. मधे साखर संपली, काळा चहा प्यायलो. काही बायांनी मला ऐकवलं, हिच्या चेहऱ्यापायी आमचं तोंड कडू झालं. ऐकून घेतलं. एक गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन आले होते, परात बघून दारातच अडले. "फोटोच नाही, तर आम्ही यायचं कशाला?" मी म्हटलं, "तेच विचारते मी." ते परत गेले. काही जण मोबाईल ठेवून आत येतात, आमच्या पंगतीला बसून जेवतात. थोडे आहेत. न्हाणीघराची कडी मी आणि मावशीनं बसवली.

परवा नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, "एक जण विचारत होता. लातूरकडची बाई, लहान पोरगी आहे सोबत. मी नाही म्हणालो." माझ्या हातातली तेलाची पिशवी खाली पडली. हेल्मेटात तोंड झाकलेला कुणीही दिसला की मी पोरीला मागं ओढते. चौकीत जाऊन तेही सांगून आले.

आज शनिवार. परात घासून दारात ठेवली आहे, मी तिच्याशेजारी बसले आहे. भीती आहे. असू दे. पाहुण्यांकडं मी पाठ केली होती, त्याच्याकडं करणार नाही. तो आला, तर पदर मी माझ्या हातानं बाजूला करीन. बघून घे म्हणीन. ह्याच तोंडानं तुझं नाव चौकीत सांगितलंय, आणि कोर्टातही हेच सांगणार आहे.