उमरेडचा नवसाचा बोकड

नागपूर स्टेशनावर घ्यायला आलेल्या साडूभाऊंनी माझी खुशाली विचारण्याआधी माझ्या पिशवीतला चिवड्याचा पुडा उलटा करून पाहिला.

‘‘याच्यावर हलालचा शिक्का त नाही न गा?’’

‘‘चिवडा आहे, मधुकरराव. पोह्यांना गळा नसतो.’’

ते हसले नाहीत. नागपुरातच हुडकेश्वरला त्यांच्या कॉलनीत ‘शुद्ध थाळी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि मधुकरराव त्याचे अ‍ॅडमिन. मीठ, साबण, बिस्किटं, सगळं चष्मा लावून तपासूनच घरात येतं. मटण मात्र तीन महिन्यांपासून बंद, कारण झटक्याचं (एका घावात कापलेलं) भरवशाचं दुकान सापडेना. म्हणून दुपारी सावजी रस्सा (कोष्टी विणकरांचा जहाल काळा रस्सा) मिळाला तो सोयाबीनच्या वड्यांचा. जिभेला आग आणि दाताखाली स्पंज. मेहुणी माझ्याकडे पाहायचं टाळत होती.

मी आलो होतो बापूजींसाठी. हे मधुकररावांचे वडील; उमरेडला उभा जन्म हातमागावर गेला. नात पूर्वा हृदयाच्या ऑपरेशनमधून सुखरूप उठली, तेव्हा त्यांनी देवीला बोकड बोलला होता. ‘‘नवस फेडल्याबिगर मेलो त देवीले तोंड कसं दाखवू?’’ एवढंच ते दिवसभर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही सगळे उमरेडला पोचलो. शेताच्या बांधाशी देवीचं ठाणं, शेजारी कडुलिंब, त्याला बांधलेला बोकड. मधुकररावांनी नागपूरहून झटकावाला ठरवला होता. तो फोनवर दहा वाजता ‘रस्त्यात’ होता, अकरालाही रस्त्यातच होता आणि बारा वाजता त्याचा फोन बंद झाला. तोवर बोकडाने गळ्यातला हार खाऊन संपवला.

मग मधुकररावांनी स्वतः कोयता उचलला. बोकडाने त्यांच्याकडे पाहिलं. मधुकरराव मटकन खाली बसले आणि पाणी मागू लागले.

‘‘करीमले बोलाव,’’ बापूजी म्हणाले.

करीमचाचा गावचा मुलाणी. देवीचा बोकड मुलाण्यानेच कापायचा, हा इथला पिढ्यांचा रिवाज.

‘‘तो हलाल करते, बापूजी!’’

‘‘मंग आजवर काय करून राहिला होता? तू झाला तवा देवीचा बोकड त्याच्याच बापानं कापला. ते मटण खाऊन तुह्या मायले दूध आलं. आता ते दूध कुठून बाहेर काढतं?’’

मीच जाऊन चाचांना घेऊन आलो. फडक्यात गुंडाळलेली सुरी तयारच होती.

‘‘सकाळपासून घरीच बसून आहो. बोलावल्याबिगर कसा येऊ?’’ ते म्हणाले. मग मधुकररावांपुढे थांबले. ‘‘कापू का, मधू?’’

मधुकररावांनी मान हलवली, पण भलतीकडे पाहत.

काम झाल्यावर चाचांनी आपल्या हक्काचं कातडं आणि नारळ घेतला. देवीच्या नावाचं मटण त्यांना चालत नाही. त्यांचाही नियम कडकच, फक्त त्यांनी त्यासाठी ग्रुप काढलेला नाही. उन्हात ते तसेच निघून गेले.

चुलीपाशी बसून बापूजींनी मसाला सांगितला, पुरुषांनी रांधलं, जवसाचं तेल वर तरंगलं. ‘फक्त रस्सा’ म्हणून बसलेले अ‍ॅडमिन तासाभराने नळी चोखताना फार तन्मय दिसत होते. बापूजींनी पाच घास खाल्ले, पूर्वाच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडले.

उरलेलं पातेलं संध्याकाळी हुडकेश्वरला आलं. वास कसा पोचला कोण जाणे, पण आख्खा ग्रुप डबे घेऊन हजर झाला. डबा भरून झाल्यावर एकाने विचारलं, ‘‘झटकाच न गा?’’

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्याकडे.

‘‘करीमनं कापला,’’ आतल्या खाटेवरून बापूजींचा आवाज आला. ‘‘ज्याले चालत नसन त्यानं डबा ठेवून जावा.’’

एकही डबा खाली ठेवला गेला नाही. एकाने तर्री वाढवून मागितली.

परतीच्या गाडीत फोन वाजला. मधुकररावांनी मला ग्रुपमध्ये घेतलं होतं. पहिलाच संदेश म्हणजे कुठल्याशा बिस्किटाच्या पुड्याचा फोटो, शिक्क्याभोवती लाल वर्तुळ. मला संताप आला. चार ओळी लिहिल्या, पुसल्या. मग आठवलं, त्या भर उन्हात चाचांना ‘बसा, पाणी घ्या’ असं कोणीच म्हटलं नव्हतं. आणि त्या ‘कोणीच’मध्ये मीही होतो.