टोपीखालच्या चार पट्ट्या

कुरखेड्याच्या बसस्टँडमागे माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. मी तसा शांत माणूस. पण दोन वर्षांमागे धानकापणीच्या दिवसांत एक बारा इंची स्पीकर माझ्या टेबलावर आला आणि मी पुढचे कित्येक दिवस चिडलेला होतो. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

तो स्पीकर घेऊन आली होती जंगलातल्या एका गावच्या ग्रामसभेची अध्यक्ष. पन्नाशीची गोंड बाई, जुन्या लुगड्यात स्पीकर बांधून एसटीत मांडीवर धरून बसलेली. त्यांच्या समाजमंदिरात आवाजाची एकच पेटी. उन्हाळ्यात तिच्या स्पीकरची कॉइल जळली, म्हणून बाईने तो गडचिरोलीतल्या काचेच्या दारांच्या एका मोठ्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मिस्त्रीने नवी कॉइल बसवून दिली, पण तेव्हापासून आवाज घुसमटलेला. बाई पुन्हा गेली. या खेपेला त्याने स्पीकर उघडलाच नाही. म्हणाला, जंगलातल्या ओलीने खराब झाला, नवा घ्या.

"मी म्हटलं, उघडून तं पाहा," बाई सांगत होती. "तं तो म्हणते, बाई, तुमाले यातलं काय समजते?"

मग तिने त्यानंतरच्या ग्रामसभेच्या बैठकीचं सांगितलं. बांबूतोडीचा ठराव त्याच पेटीवरून वाचला गेला. ती स्वतः माइकजवळ, तिला ऐकू आलं; कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य, असं तिला वाटलं. पण मागे बसलेल्या बायांपर्यंत नुसती घरघर पोचली. तरी कागद फिरला, अंगठे लागले. नंतर बायांना कळलं की तोडीच्या हद्दीत बाया जिथे मोहफुलं वेचतात ते रानही आलं होतं. आता गावात बाया तिलाच विचारत होत्या, तू असताना असं काऊन झालं?

मी स्पीकर हातात घेऊन बोटांनी आवाजाबरोबर थरथरणारा कागदी कोन हलकेच दाबला. हलेना. मधोमध बसवलेली गोल टोपी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. टोपीच्या कडेने झटपट चिकटणारा गोंद असा ओतला होता की कोनाच्या कागदात शिरून काचेसारखा कडक झाला होता. ही टोपी आम्ही रबराच्या गोंदाने लावतो. कारण साधं आहे: उद्या कुणाला तरी ती काढावी लागणार. याने जणू ती कुणी काढूच नये म्हणून लावली होती.

बाईला दोन दिवसांनी बोलावलं आणि कामाला बसलो. स्पीकर तिरपा उपडा टांगला, म्हणजे थिनर आत कॉइलवर ओघळू नये. बारीक ब्रशने कडेला एकेक थेंब लावायचा, थांबायचं, पुन्हा लावायचा. गोंद मऊ झाला की ब्लेडचं टोक खाली सारायचं, तेही केसभर. घाई केली तर टोपीबरोबर कोन फाटतो. सकाळपासून दुपारपर्यंत तेवढंच केलं. टोपी निघाली आणि आत पाहिलं.

कॉइल बसवताना ती लोहचुंबकाच्या फटीत बरोबर मध्ये राहावी म्हणून सगळे मिस्त्री भोवताली एक्स-रे फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचतात. गोंद वाळला की पट्ट्या काढायच्या, मग टोपी लावायची. इथे चारही पट्ट्या जागच्या जागी होत्या. एकीवर कुणाच्या तरी बरगडीची पांढरी सावली होती. कॉइल सहा महिने पाचरीत अडकून पडली होती, आणि दोष गावाच्या हवेला.

तीन पट्ट्या चिमट्याने आल्या. चौथी सांडलेल्या गोंदाने कॉइललाच चिकटली होती. तिच्यासाठी कोनाची बाहेरची कड सोडवली, खालची कापडी जाळी सोडवली, सगळा कोन उचलला, पट्टी सोडवली आणि कोन पुन्हा नीट बसवला. हात काम करत होते आणि मी मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत होतो.

बाई आली तेव्हा टोपी मुद्दाम लावली नव्हती. तिला कोन दाबून पाहायला सांगितलं. तिने कान जवळ नेऊन दोनदा दाबला. घासत नाही, म्हणाली. मग मी तिला पट्ट्या दाखवल्या. तिने एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. नंतर म्हणाली, "या मले द्या. मी त्याले नेऊन देतो."

मी दुकान बंद करून तिच्यासोबत गडचिरोलीला गेलो. तिने पट्ट्या काउंटरवर मांडल्या. मिस्त्रीने ओळखल्या, हसून म्हणाला, राहून गेल्या असतील, एवढ्यासाठी तुम्ही एवढ्या दूर आलात?

"राहून गेल्या, मानलं," बाई म्हणाली. "पण दुसऱ्यांदा आली तं काऊन नाई पाह्यलं?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, गोंद पक्का होता, टोपी फाटली असती.

म्हणजे त्याला शंका आली होती. चुकतो कोणीही, मीही चुकलोय. पण स्वतःच लावलेला गोंद सोडवायचा कंटाळा म्हणून या बाईला अडाणी ठरवलं, हे मला सहन झालं नाही. मी मोठ्याने बोललो, गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. बाईने माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, चला भाऊ, बस जाईल.

पुढच्या ग्रामसभेला पेटी जोडायला मी स्वतः गेलो. बाईने जुना ठराव पुन्हा, सावकाश वाचायला लावला. मोहाच्या रानाचं नाव आलं तशी मागच्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली. "हे आमी आयकलंच नव्हतं," ती म्हणाली. तिच्यामागे आणखी बाया उठल्या. दुपारभर बोलणं चाललं. शेवटी ते रान तोडीतून वगळलं आणि कागद नव्याने लिहिला गेला. अंगठे लावण्याआधी बाईने शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन एकेकीला विचारलं, काय लिहिलंय ते सांग.

मिस्त्रीने माफी मागितली नाही. त्याचं दुकान जोरात चालू आहे.