शून्य करताना

स्वतःच्या पायांवर आमच्या साडूंइतका अविश्वास असलेला माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नसेल. मूळचे कर्नाटक सीमेजवळच्या गडहिंग्लजकडचे; राग आला की कन्नडवर जायचे. राजारामपुरीत शेतीपंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान. चाळिशीत त्यांना सायकल शर्यतीचा नाद लागला आणि दोन हजार सालानंतर कधीतरी जर्मनीतल्या पुतण्याने त्यांना पॉवर मीटर पाठवला. पायडलच्या दांड्यात बसणारं हे यंत्र, पाय किती जोर लावतात ते हँडलवरच्या डबीत वॉटमध्ये दाखवायचं. मोटारवाल्याच्या हाती ते पडलं आणि मग प्रत्येक गोष्ट वॉटमध्ये येऊ लागली. "पावणं, तासभर मी दोनशे वॉट देतो. तुमच्या मेव्हणीचा मिक्सर पाचशेचा हाय. आता सांगा, घरात चालायचं कुणाचं?"

मीटरने त्यांना एक धडा दिला होता आणि तो ते सगळ्यांना द्यायचे. "मोटार सुरू होतानाच लई करंट ओढती. माणूस बी तसाच जळतो." शर्यतीच्या सुरुवातीला सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं, पायांना कितीही सुरसुरी आली तरी. लग्नाच्या पंगतीतही त्यांचं हेच. जिलेबीचा पहिला फेरा ते हात आडवा धरून परतवत. माझ्या पानात पाच पडलेल्या पाहून म्हणत, "मट्ठ्यापाशी दम संपून बसणार तुम्ही." आणि मी बसायचो. चौथ्या फेऱ्याला ते शांतपणे बाह्या सरसावत.

एका तालमीची कोल्हापूर ते मलकापूर शर्यत असायची. पंचेचाळिशीच्या वरच्या गटात पहिल्या तिघांना फेटा बांधत. आदल्या वर्षी साडू चौथे आले होते. पन्नाशीच्या आत एकदा तो फेटा डोक्यावर यावा, एवढंच त्यांना हवं होतं. वर्षभर पहाटे उठून त्यांनी हिशेब बसवला होता: वाटेतल्या बांबवड्यापर्यंत एकशे ऐंशी वॉट. जास्त न्हाय, कमी न्हाय.

शर्यतीच्या सकाळी ते नंबर बांधून घ्यायला गेले आणि सायकल माझ्याकडे देऊन गेले. "मीटर तेवढा शून्य करून ठेवा. बटण दाबताना पायडलवर कसलाबी भार नको. भारासकट शून्य धरला, तर दिवसभर कमी दावंल." मी हो म्हटलं. मग ओळखीचं कुणी भेटलं, गप्पा सुरू झाल्या आणि बोलता बोलता मी बटण दाबलं.

पाण्याच्या बाटल्या घेऊन मी स्कूटरवरून मागे होतो. कोल्हापूर सुटून बराच वेळ झाल्यावर त्यांच्याशेजारी गेलो. चेहरा लालबुंद.

"पाय पेटल्यात, पावणं! आन् मीटर एकशे साठच दावतोय!"

"मग जरा सावकाश घ्या की."

"पायांचं ऐकायचं नसतंय! पाय आळशी असत्यात!"

त्याच क्षणी मला आठवलं. बटण दाबताना माझा एक पाय, चपलेसकट, पायडलवर होता. गप्पा मारताना मी तसाच उभा राहतो. तेव्हाच ओरडून सांगितलं असतं, तर अर्ध्या मिनिटात मीटर पुन्हा शून्य झाला असता. पण वर्षभराची त्यांची मेहनत आणि माझी चप्पल एका वाक्यात आणायचं धाडस मला झालं नाही. मी बाटली दिली आणि स्कूटर मागे घेतली.

बांबवड्याच्या पुढच्या चढावर ते सायकलवरून उतरले आणि मैलाच्या दगडावर बसले. मलकापुरात पोचले तेव्हा फेटे बांधून झाले होते. "वय झालं, पावणं," ते म्हणाले. "मीटर कशाला खोटं बोलंल?" महिन्याभरात सायकल दुकानाच्या माळ्यावर गेली.

पाच वर्षं मी गप्प होतो. एका दुपारी दुकानात चहा पिताना सगळं सांगून टाकलं. ते शिव्या देतील, निदान कन्नडमधून तरी, अशी माझी अपेक्षा होती. 

"म्हंजे पाय खरं बोलत होते," ते म्हणाले.

मग विनाकारण मारलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी आपल्या मांडीवरून हात फिरवला. आणि माझा चहा गार झाला म्हणून दुसरा सांगितला.