कापलेले कोपरे

ललिताबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तक्रारी ऐकून त्या रिटायर झाल्या, तोवर माणूस तोंड उघडतो ते खोटं बोलायलाच, असं त्यांचं मत पक्कं झालं होतं. मुलगा अभय आयटीत लागला आणि त्याने वाघोलीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. मागे पेरूचं झाड होतं. ललिताबाईंनी फ्लॅट असा पाहिलाच नाही, झाडच पाहिलं.

त्याला कारण होतं. त्यांची आई गावच्या एका बागायतदाराकडे पेरूच्या बागेत खुरपायला जायची. संध्याकाळी निघताना मालक चारचौघांत तिला म्हणायचा, “पिशवी उलटी कर.” तिच्या पिशवीत कधी एक पेरू निघाला नाही. हे झाड मात्र आपलं. पहिलं फळ बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायचं आणि तोवर पानालाही कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असं ललिताबाईंनी ठरवलं.

फळं लिंबाएवढी झाली, तेव्हा माशी लागू नये म्हणून त्यांनी एकेका फळाला ब्रेडची पिशवी घातली आणि देठाशी लोकरीची गाठ मारली. आठ दिवसांनी पाहतात तो चार पिशव्यांचे खालचे कोपरे कापलेले. फळं शाबूत. चोर आधी पिकलंय का बघणार आणि मग नेणार, हे त्यांनी तेव्हाच ताडलं. वॉचमन सुखदेवने मान खाली घातली, तर चोराच्या मनात चांदणं. वरच्या मजल्यावरची पोरं गुड मॉर्निंग म्हणाली, तर एवढा गोडवा कशाला? रोज दोन-तीन कोपरे आणखी जात होते. अभयने गमतीने विचारलं, कॅमेरा लावू का? त्यांनी किंमत विचारली.

शेवटी त्या स्वतःच सकाळी पडद्याआड बसल्या. सोसायटी झाडणारी मैना आली. तिने खराटा भिंतीला टेकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि फांदी वाकवली. ललिताबाई ताडकन बाहेर आल्या.

“पिशवी उलटी कर.”

मैनाने खांद्यावरची पिशवी उलटी केली. मिश्रीची डबी पडली, डब्याचं फडकं पडलं आणि एक छोटी कात्री.

“भोक नसलं की आत पानी साचतं, बाई. फळ कुजतं,” ती म्हणाली. “ही बिल्डिंग व्हायच्या आदी आमची पेरूची बाग हितंच हुती. सांगनार हुते, पन तुमी कुनाला बोलू देता व्हय?”

ललिताबाईंच्या कानात अजून स्वतःचाच आवाज होता. शरमेने त्यांना मान वर करवेना. खाली वाकून त्यांनी एकेक वस्तू उचलली, पिशवीत भरली आणि कात्री तेवढी मैनाच्या हातात दिली. मग पुढची फांदी त्यांनी स्वतः वाकवून धरली.