पूजेतला जॅक

संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं आणि संस्थानचा मोटारखाना बंद पडला. तिथे उभी हयात घालवलेले एक मुसलमान मिस्त्री फ्रीगंज पेठेत, आमच्या घरापासून चार पावलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करू लागले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मोटारखान्यातल्या मराठी मंडळींत राहून ते मराठी बोलत, आणि आमच्यासारखीच निम्मी हिंदीत बुडवून बोलत.

मी तेव्हा नवा वकील. वडिलांनी एका जहागीरदाराची जुनी मोटार घेतली होती आणि अशिलांपेक्षा माझं लक्ष तिच्यातच जास्त. टायर अंगठ्याने दाबून हवा कशी ओळखायची, दिव्यांच्या काचा कशा पुसायच्या, वायपरचं रबर कडक झालं की ते काच ओरबाडण्याआधी कसं बदलायचं, सगळं मला उस्तादांनी शिकवलं. शिकवताना कधी हात आखडता घेतला नाही.

त्या नवरात्रात सासू-सासरे आले होते. मी सासऱ्यांना मोटार दाखवत होतो. खरं म्हणजे मिरवत होतो. उस्ताद जाता जाता थांबले, मागच्या टायरवरून हात फिरवला आणि त्यांच्यासमोरच म्हणाले, "भाऊसाब, ह्या टायरांवर बालबच्च्यांना बसवू नका. पूरे घिसले आहेत." मी हसून साजरं केलं, पण मनातून जळफळलो. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेत बसतात. मोटार आल्यापासून जॅक, पाने, हवेचा पंप हीच आमची हत्यारं. हळदकुंकू, झेंडू वाहिला की दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही.

दुपारी उस्ताद घाईघाईने आले. नव्या सरकारी कचेरीत मिस्त्रीची जागा निघाली होती. परीक्षा म्हणून त्यांना एक जीप दिली होती: दिवे, वायपर, चारही चाकं ठाकठीक करून पाचच्या आत दाखवायची. दोन चाकं झाली आणि त्यांच्या जॅकचे आटे गेले.

"आज साऱ्यांची औजारं पूजेत आहेत," ते म्हणाले. "तुम्ही घरचे, म्हणून आलो. तासाभरात वापस देतो."

"आमची पण पूजेतच आहेत ना, उस्ताद. आज उठवता येत नाहीत."

हे मी म्हणालो. आणि सकाळी, पूजा झाल्यावर तासाभरातच, मीच त्यातला पाना काढून वायपर बदलले होते. रिमझिम चालू होती आणि संध्याकाळी सासू-सासऱ्यांना देवीला न्यायचं होतं. पाना पुन्हा गुपचूप झेंडूंखाली सरकवला, पण वायपरच्या नटावर कुंकू लागलेलं राहिलं. उस्तादांची नजर नेमकी तिथे गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली.

"पूजा है तो रहने दीजिए," ते म्हणाले. माझ्याशी ते निव्वळ हिंदीत बोलले, असं पहिल्यांदाच घडलं.

जाताना पुढच्या चाकापाशी वाकले, अंगठा दाबला. "हवा कम है. भर लीजिए."

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर मी पूजेतून पंप उचलला आणि हवा भरली. बायको दारात उभी होती. "आत्ता तर म्हणालात ना, उठवता येत नाहीत?" तिने विचारलं. मी तिच्यावर खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा मारायला मला वकिलीने चांगलंच तयार केलं होतं.

साडेचारच्या सुमाराला आमची मोटार शेडवरून गेली. उस्ताद एकटेच लाकडाच्या बल्लीने जीप उचलत होते आणि पायाने खाली विटा सारत होते. परत फिरून जॅक आणायला पाच मिनिटं पुरली असती. मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेलो. देवीसमोर मला डोळे मिटवेनात.

जीप साडेसहाला तयार झाली, असं मागाहून कळलं. जागा दुसऱ्याला मिळाली.

माफी मागायला जायचं मी रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. दिवाळीआधी कळलं की ते बिऱ्हाड इंदूरला हलवताहेत, तेव्हा मात्र धावत गेलो. दारात टांगा उभा होता. त्यांना न्यायला त्यांचे मेहुणे आले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मेहुण्यांना म्हणाले, "ये हमारे भाऊसाब. वकील हैं, मगर गाड़ी का सारा काम अपने हाथ से करते हैं. मैंने सिखाया है."

किती अभिमानाने सांगत होते. मी खाली मान घालून त्यांचं सामान टांग्यात चढवू लागलो. ट्रंक, गाद्या, भांड्यांचं पोतं, सगळं चढवलं. माफी तेवढी मागितली नाही.