ऑनर सोसायटीतलं औक्षण

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढे कारखान्यात लेथवर उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत. तेव्हा कॉलेजातल्या गोष्टी मी लिहायच्या म्हणजे आगाऊपणाच आहे. पण ही गोष्ट आमच्या बेसमेंटमध्ये सुरू झाली आणि माझ्या बायकोचा तिच्यात हात होता. ती गेली. आता तिचा तो हात तिथं राहतो की पुसला जातो, एवढंच मला बघायचं होतं. बाकी कॉलेजचं कॉलेज बघेल.

आम्ही इथं कॅनडात, मार्कहॅमला मुलाकडे राहतो. राहायचो दोघं, आता मी. नात बसनं कॉलेजात जाते. इथं कॉलेज वेगळं आणि युनिव्हर्सिटी वेगळी, आणि कॉलेज म्हणजे जरा खालचं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मंडळाच्या हळदीकुंकवाला हिनं चार बायकांना हौसेनं सांगितलं, आमची नात कॉलेजात गेली. घरी येताना गाडीत मुलगा म्हणाला, "आई, सगळ्यांना सांगत नको बसूस."

"का रे? कॉलेजात गेली म्हणजे काय तुरुंगात गेली?"

मुलानं रेडिओ लावला. नात मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती, तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. ऑनर सोसायटी काढायचं तिच्या डोक्यात तिथंच शिरलं असा माझा अंदाज आहे. ती काही कबूल करत नाही.

युनिव्हर्सिटीच्या पोरांची ऑनर सोसायटी असते. चांगले मार्क पडले की त्यात घेतात, सगळ्यांसमोर शपथ देतात, कोटाला लावायला पिन देतात. नातीनं कॉलेजला विचारलं, आमच्यासाठी असं का नाही? कॉलेजनं सांगितलं, आधी मेंबर गोळा करा, पाठीशी उभा राहील असा एक शिक्षक बघा, थोडं काम करून दाखवा, मग खोली देऊ. म्हणून पहिली मीटिंग आमच्या बेसमेंटमध्ये.

बर्फाचे दिवस होते. दारात ओल्या बुटांचा ढीग. पाच पोरं होती, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या देशाचं. सूनबाईंनी चिप्स ठेवल्या आणि त्या वर गेल्या. मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो, कारण माझा टीव्ही तिथं आहे आणि मला कुणी ऊठ म्हणालं नाही. पोरं कार्पेटवर बसून नियम करत होती. नातीचं म्हणणं, मार्क एवढे पाहिजेत, घसरले की बाहेर. एक उंच पोरगा होता, गोदामात शिफ्ट करून शिकणारा. तो म्हणाला, मग पहिला मीच बाहेर जाईन, आत्ताच जातो, बूट सुकले नसतील तरी चालेल. सगळी हसली. पण त्याचं ऐकावं लागलं. ठरलं असं की आत यायला मार्क लागतील, पण टिकायचं तर दर आठवड्याला एका कच्च्या पोराला शिकवलं पाहिजे. मला हे पटलं. नुसत्या मार्कांची पोरं एकत्र बसून काय करणार, एकमेकांचे मार्क बघणार?

मग त्यांनी हात वर करून शपथ वाचली. ती संपते न संपते तोच ही जिन्यावरून खाली आली, हातात ओवाळायचं ताट.

नात म्हणाली, "आजी, प्लीज. नॉट नाऊ."

"नाऊ नाही तर कधी? तू परीक्षेला निघालीस की तुला ओवाळते ना? ह्यांना कोण ओवाळणार? ह्यांच्या आया आहेत का इथं?"

आणि लागली की कामाला. कपाळाला कुंकू, त्यावर अक्षता. सुपारी आणि हातातली अंगठी घेऊन तोंडाभोवती फिरवली, मग निरांजन, मग तळहातावर साखर. पोरांना वाटलं हा शपथेचाच भाग. उंच पोरगा गुडघ्यावर बसला, नाहीतर हिचा हात पुरला नसता. शेवटी एक मुलगी होती, डोक्याला रुमाल बांधलेली. कुंकवाचं बोट पुढं गेलं तसं तिनं डोकं हळूच मागं घेतलं. नातीचं तोंड लाल झालं.

ही म्हणाली, "तिला नको तर नको. साखर खाईल का विचार."

मुलीनं हात पुढं केला. झालं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजनं खोली दिली. मेंबर वाढले. शिकवायला बसणारी पोरं लायब्ररीचा एक कोपरा अडवून बसत, शेजारच्या टेबलावरचीही येऊन ऐकत. शपथेचा दिवस आला तेव्हा जुनी पोरं नातीला विचारायला लागली, तुझी आजी येणार ना? हिनं ठेवणीतलं लुगडं काढलं, वरून माझा जाड कोट घातला आणि निघाली. दारात सिक्युरिटीवाल्यानं ताट बघितलं आणि सांगितलं की इमारतीत ज्योत पेटवायची नाही.

मी म्हटलं, "चला, झालं. परत फिरा."

"ज्योत नाही तर नाही. सोनं आहे ना," म्हणाली, आणि नुसत्या अंगठी-सुपारीनं ओवाळलं. रांग दारापर्यंत गेली होती. हिचे गुडघे दुखायचे म्हणून खुर्ची दिली, पोरं पुढं वाकत होती. ताट मी धरलं होतं. दुसरी काही अक्कल मला नव्हती.

पुढं कॉलेजच्या दुसऱ्या इमारतीतल्या पोरांनी, ती बसनं तासभर लांब आहे, आपली शाखा काढली. तिथल्या पोरांनी म्हणे विचारलं, ती साखरवाली बाई आम्हाला पण मिळेल का.

नाही मिळाली. पानं गळायच्या दिवसांत ही गेली. पोटाचं दुखणं. कळलं तेव्हा उशीर झाला होता आणि त्यानंतर फार वेळ लागला नाही. सोसायटीची पोरं काळे कोट घालून आली. हातांचं काय करायचं ते कुणाला समजेना, मग त्यांनी नातीकडे बघून हात जोडले.

त्याचं मी जास्त लिहीत नाही. सकाळी मी अजून दोन कप चहाचं पाणी ठेवतो आणि एक कप ओतून देतो. बस.

वसंतात शपथेचा दिवस जवळ आला. नातीचं शेवटचं वर्ष, तिचं अध्यक्षपद दुसऱ्या कुणाला द्यायचं होतं. मला एकच लागून राहिलं, ओवाळणार कोण? पुरुष ओवाळत नाहीत. मी सूनबाईंना विचारलं.

"बाबा, वर्ष व्हायचंय अजून. वर्षभर आपल्याला सण नाही. आणि खरं सांगू? कॉलेजमध्ये सगळ्यांसमोर मला ते फार ऑकवर्ड होईल."

राग आला, पण सूनबाई खोटं बोलत नाहीत. हिच्या आजारात हिचं सगळं त्यांनीच केलं होतं.

त्यात नवीनच निघालं. रात्रीच्या जेवणाला नातीनं सांगितलं की काही नव्या मेंबरांचं म्हणणं आहे, ऑनर सोसायटीत हे धार्मिक कशाला? कमिटी मत घेणार होती.

मी विचारलं, "तू काय मत देणार?"

"आय डोन्ट नो, आजोबा. दे हॅव अ पॉइंट."

"आजी जाऊन वर्ष नाही झालं आणि तू पॉइंट बघतेस?"

मुलगा म्हणाला, "बाबा, जेवू द्या तिला."

नातीनं चमचा खाली ठेवला. ती मराठीत क्वचित बोलते, भांडायचं असलं तर बोलते. म्हणाली, "त्या मुलीला कुंकू नको होतं, तर आजीनं लावलं का? जबरदस्ती केली का? मग मी कशी करू?"

मी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि खाली टीव्हीपुढं जाऊन बसलो.

मत घ्यायला कमिटी आमच्याच बेसमेंटमध्ये जमली, सोयीचं म्हणून. मी वर किचनमध्ये बसून राहिलो. खालून हसण्याचा आवाज नाही, भांडणाचा नाही. त्यापेक्षा भांडण बरं. मला वाटलं, संपलं. पोरं हुशार आहेत, हुशार माणसं सभ्यपणे रीत मोडतात.

नात वर आली. "आजोबा, कुंकू नाही. ओवाळायचं नाही. साखर मात्र ठेवलीय, प्रत्येकाला."

"साखर तर चहातही असते."

"आणि ती तुम्ही घालायची. सगळ्यांचं मत पडलं."

"मी? पुरुषानं?"

"साखरेला काय बाई नि काय पुरुष?"

सूनबाई सिंकपाशी भांडी विसळत होत्या. त्या हसल्या. ही गेल्यापासून त्या घरात हसलेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "आणि तुमचं ते वर्ष?"

"साखर घालणं म्हणजे सण नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "वाटी मी घासून देते."

हॉल मोठा होता. कॉलेजचे मोठे साहेब बोलले, आपल्याकडच्या सत्काराला बोलतात तेवढंच लांब. पोरं शपथ घेऊन एकेक करून माझ्यापाशी यायला लागली. माझ्या एका हातात साखरेची वाटी, एका हातात चमचा. चमचा शिगोशीग भरला. पहिल्याच पोराची निम्मी साखर जमिनीवर. पोरगं हात पुढं करून उभंच, जायचं की थांबायचं ते त्याला कळेना.

नवी अध्यक्ष, चिनी मुलगी, आदल्या वर्षी हिनंच ओवाळलेली, रांग सोडून माझ्याजवळ आली आणि नातीच्या कानात काही बोलली. नात मला म्हणाली, "ती विचारतेय, आजी साखर घालताना प्रत्येकाला काहीतरी विचारायची. काय विचारायची?"

मघाशी हे लिहायचं राहिलं. ताट धरून मीच शेजारी उभा असल्यामुळं मला ते ठाऊक होतं, पण त्यात लक्ष द्यावं असं कधी वाटलं नव्हतं. ही विचारायची, "घरी सांगितलंस का?" मराठीत विचारायची, कुणाला कळो न कळो, आणि मान हलेपर्यंत हात सोडायची नाही.

मग मीही विचारायला लागलो. घरी सांगितलंस का? नात शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगायची. कुणी म्हणालं, हो. कुणी म्हणालं, तिकडे आता रात्र आहे, आई झोपली असेल, उठली की सांगतो. दोघीतिघी रांगेतून निघून भिंतीला टेकून फोन लावत होत्या, साखरेचा हात लांब धरून. एक पोरगा खाली बघत राहिला. म्हणाला, सांगायला कोणी नाही. त्याला मी आणखी अर्धा चमचा घातला. दुसरं काय करणार?

हे औक्षण नव्हे, असं मला अजून वाटतं. हिला काय वाटलं असतं? माहीत नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. पण ती जे विचारायची ते त्या हॉलमध्ये दारापर्यंतच्या पोरांनी ऐकलं, एवढं मी बघितलं.

सगळं आटोपल्यावर ती चिनी मुलगी वाटी घ्यायला आली. पुढच्या वर्षी याल ना, विचारत होती, तेवढं इंग्रजी मला कळतं.

मी म्हटलं, "असलो तर येईन. नसलो तर तुम्ही घाला. साखर तर घालायचीय, त्यात काय मोठंसं. विचारायला मात्र विसरू नका."

नातीनं तिला ते इंग्रजीत सांगितलं. 'नसलो तर'चं वाक्य तिनं गाळलं, ते माझ्या लक्षात आलं. मी वाटी त्या मुलीच्या हातात दिली.